कलमावर चढताना हातात किती वजन असावे?

आमच्या दापोलीच्या वाडीत हापूसची सव्वीस कलमे आहेत. त्यांतली नऊ आजोबांच्या हातची आहेत आणि ती आता तीस-पस्तीस फुटांच्या वर गेली आहेत. बांडगूळ काढणे, वाळलेल्या फांद्या उतरवणे आणि झाडाच्या मधोमध ऊन पोहोचावे म्हणून सरळ वर गेलेली एखादी फांदी कापणे, यासाठी वर्षातले सहा-सात दिवस मला झाडावर चढावे लागते. एवढ्याशा कामासाठी चेनसॉ (फिरत्या साखळीने कापणारी यंत्राची करवत) घ्यावा का, आणि परवडणारा, हलका, तरी भरवशाचा कोणता, या प्रश्नावर मी दोन वर्षे घालवली. हीच अडचण असलेले बागायतदार आजूबाजूला पुष्कळ आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझा पहिला चेनसॉ निसर्ग चक्रीवादळानंतर आला. ३ जून २०२० रोजी ते वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले आणि आमच्या तालुक्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हा मिळेल ते यंत्र घ्यायची वेळ होती, म्हणून ५८ सीसीचे, २२ इंची पात्याचे, स्वस्तातले यंत्र घेतले. पडलेली झाडे तोडण्याचे काम त्याने उत्तम केले, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. चूक माझी झाली ती पुढच्या वर्षी, जेव्हा तेच यंत्र दोराने वर ओढून घेऊन मी कलमाच्या बेचक्यात उभा राहिलो. पेट्रोल आणि तेल भरल्यावर ते ताणकाट्यावर साडेसात किलो भरले होते. खांद्याच्या उंचीवर हात लांब करून पाच मिनिटे ते धरल्यावर माझी मनगटे थरथरू लागली, फांदी तुटता तुटता यंत्र खाली झुकले आणि पात्याचे टोक माझ्या कमरेच्या दोरापासून वीतभर अंतरावर येऊन थांबले. त्या दिवशी मी यंत्र खाली सोडले आणि उरलेले काम हातकरवतीने केले.

त्या हातकरवतीनेच मला बरेच शिकवले. ओढताना कापणारी, वाकड्या पात्याची, फूटभर लांबीची चांगली करवत तीन इंचांपर्यंतची फांदी काही क्षणांत कापते, आणि बांडगुळाचे बहुतेक काम याच मापाचे असते. म्हणजे चेनसॉ लागतो तो चार ते आठ इंच जाडीच्या फांद्यांसाठी, आणि त्यांना १० इंची पाते पुरते. जाहिरातीतले १६ किंवा १८ इंचांचे पाते झाडावर निव्वळ ओझे होते. वजनाचा आकडाही नीट वाचावा लागतो, कारण छापलेले वजन बहुधा पाते, साखळी आणि इंधन वगळून असते. एको कंपनीच्या सीएस-२५११ या मालिकेतल्या यंत्राचे असे कोरडे वजन २.३ किलो आहे आणि ते जगातल्या सर्वांत हलक्या पेट्रोल यंत्रांत गणले जाते, तर स्टिल कंपनीचा एमएस १७० हा ३० सीसीचा लोकप्रिय लहान चेनसॉ कोरडा ४.१ किलोचा आहे. या दोन आकड्यांमधला फरक दुकानात जाणवत नाही. दुपारी बारा वाजता, एक पाय फांदीवर आणि एक दोराच्या फासात असताना तो पुरेपूर जाणवतो.

झाडावरच्या कामासाठी मूठ वरच्या बाजूला असलेली लहान यंत्रे मिळतात. ती दोन हातांनीच चालवायची असतात, पण त्यांचा तोल असा असतो की एका हाताने कापण्याचा मोह होतो. मानेवर तांबड्या मुंग्या चढल्या की डावा हात आपसूक तिकडे जातो, आणि नेमके तेव्हाच पात्याच्या टोकाचा वरचा भाग फांदीला लागला तर यंत्र उसळून चेहऱ्याकडे येते. म्हणून अशी यंत्रे बनवणारे ती शिकलेल्या माणसासाठीच आहेत असे सांगतात, आणि ते अक्षरशः खरे आहे. मी आधी एका अनुभवी माणसाबरोबर जमिनीवर सराव केला आणि मगच वर गेलो.

स्वस्त पर्यायांत २५.४ सीसीची यंत्रे सर्वत्र दिसतात. झेनोआ या जपानी कंपनीच्या जुन्या रचनेवरून बनवलेली ही यंत्रे वजनाने ठीक आहेत, परंतु दर्जा नगागणिक बदलतो, म्हणून दुकानात चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. यंत्र मंद चालू असताना साखळी पूर्ण थांबलेली असली पाहिजे. पुढचा बचावाचा दांडा मनगटाने ढकलताच ब्रेक लागून साखळी जागीच थांबली पाहिजे. पात्याचे टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून यंत्राचा वेग वाढवला की पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. या तिन्हींपैकी एक जरी चुकले, तरी दुकानदार काहीही सांगो, ते यंत्र परत ठेवावे. साखळी आणि कार्बोरेटरचा पडदा त्याच गावात मिळतो का, हेही विचारावे.

क्वचित काम करणाऱ्याची खरी अडचण मात्र पेट्रोलची असते. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये हवेतली ओल शोषली जाते, आणि टाकीत तीन महिने राहिलेले पेट्रोल-तेलाचे मिश्रण कार्बोरेटरचा नाजूक पडदा खराब करते. प्रत्येक कामानंतर टाकी रिकामी करून, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवण्याची शिस्त ज्याला पाळता येत नाही, त्याने पेट्रोलच्या वाटेला जाऊ नये. दोरावर लटकत असताना सुरू करण्याची दोरी ओढणेही मला कधी सुखाचे वाटले नाही.

शेवटी मी बॅटरीवर चालणारे, १० इंची पात्याचे, वर मूठ असलेले यंत्र घेतले. माझ्याकडे त्याच कंपनीचा १८ व्होल्टचा ड्रिल आणि दोन बॅटऱ्या होत्या, त्यामुळे नुसते यंत्र घेऊन भागले. या एका योगायोगाने हिशेब जमला, एरवी बॅटरी आणि चार्जर धरून ते मला महागच पडले असते. दोन कापांच्या मध्ये ते पूर्ण शांत असते, त्यामुळे खालच्या गड्याची हाक ऐकू येते. एका बॅटरीत मध्यम जाडीच्या फांद्या पुरेशा निघतात, आणि तोवर दम खायची वेळ माझीच आलेली असते. साखळीला ४ मिलिमीटरची कानस लागते, आणि कानस हातात घेण्यापूर्वी बॅटरी काढून बाजूला ठेवावी लागते, कारण हे यंत्र बोट लागताच सुरू होते.

वाचलेले पैसे मी चढताना बांधायच्या सुरक्षेच्या पट्ट्यावर आणि दोरावर घातले. कापताना मी दोन ठिकाणी बांधलेला असतो आणि कमरेचा दोर पोलादी तार आत असलेला आहे. पायाला खिळे बांधून मात्र जिवंत कलमावर चढू नये, प्रत्येक जखम खोडकिड्याला बोलावणे असते. काप आधी खालून एक तृतीयांश आणि मग वरून, म्हणजे साल खोडापर्यंत सोलली जात नाही. त्याच दिवशी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणातली बोर्डो पेस्ट ब्रशने कापावर लावतो.

रस्त्यावर झुकलेला फणस मात्र मी याही वर्षी स्वतः घेतला नाही. त्याची मोठी फांदी चौदा इंच जाड आहे आणि खालून विजेची तार गेली आहे. त्यासाठी वीजपुरवठा बंद करवून घेऊन रोज हेच काम करणाऱ्या चार जणांना बोलावले.