विझणाऱ्या दिव्याची शेपटी

गेले तीन रविवार मी एकाच गोष्टीच्या मागे लागलोय. नाईट रायडरमधली ती काळी गाडी आठवतेय ना, किट, तिच्या नाकावर लाल दिवा इकडून तिकडे सरकत राहायचा, तो पट्टा मला हुबेहूब बनवायचाय, भिंतीवर लावता येईल असा, ३० सेंटीमीटर लांब. मालिका १९८२ ची. पण हा दिवा त्याच्याही आधीचा, १९७८ च्या बॅटलस्टार गॅलॅक्टिकामधल्या सायलॉन रोबोंच्या डोळ्यातही हाच फिरायचा. दोन्ही मालिका ग्लेन लार्सनच्या, म्हणून हौशी मंडळी या सर्किटला लार्सन स्कॅनरच म्हणतात.

साधं सर्किट सगळ्यांना माहीत असतं. ५५५ टायमर ठोके देतो, ४०१७ ते मोजतो आणि त्याच्या दहा पिना एकामागून एक वर जातात. आता सहा एलईडी घ्या आणि जाऊन-येऊन मोजा, १-२-३-४-५-६-५-४-३-२, बरोबर दहा! मधल्या चारही एलईडींना दोन-दोन पिनांवरून डायोडने (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडलं की झालं. हा हिशोब इतका चपखल बसतो की मला प्रत्येक वेळी नव्याने आनंद होतो. (आठ दिवे हवे असतील तर पायऱ्या १४ होतात, मग एका ४०१७ वर भागत नाही.) मायक्रोकंट्रोलरवर (प्रोग्रॅम लिहून चालवायची चिप) हे सगळं दहा ओळींत होतं, माहितीये, पण ५५५ आणि ४०१७ या दोन्ही चिप त्या काळीही मिळायच्या आणि मला त्याच वापरायच्या होत्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन सामान आणलं, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायची पट्टी) लावलं, पहिल्याच झटक्यात चाललं.

पण बघून मन काही भरेना. दिवा सरकत नव्हता, नुसत्या उड्या मारत होता.

कारण एलईडी क्षणात विझते. मालिकेतल्या गाडीत साधे तारेचे बल्ब होते, तार तापायला वेळ लागतो आणि थंड व्हायला त्याहून जास्त, त्यामुळे पुढचा पेटला तरी मागचा अजून मंद मंद विझत असतो, आणि ती जी शेपटी दिसते ना, तिच्यामुळेच गाडी आपल्याकडे बघतेय असं वाटतं.

मग प्रत्येक दिव्याला वीज साठवणारा १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तो हळूहळू रिकामा करायला त्याला समांतर २२ के चा रेझिस्टर आणि एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावला. आधी एलईडी ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायाला लावली होती, तर ती शेवटपर्यंत भगभगीत राहायची आणि मग एकदम गुल, कारण ट्रान्झिस्टर तोपर्यंत पूर्ण चालूच असतो. तीच एलईडी ४७० ओहमच्या रेझिस्टरसकट एमिटर या दुसऱ्या पायाला लावली आणि कपॅसिटरचा व्होल्टेज जसा उतरेल तसा उजेड उतरायला लागला. काय दिसलं म्हणून सांगू! एक कपॅसिटर मोठा करून ४७ चा लावून पाहिला, तर तो दिवा विझायच्या आत परत पेटायची वेळ यायची, म्हणून १० च बरा.

तरी दोन्ही टोकांचे दिवे फटकन विझतच होते. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. टोकांना एकेकच पिन येते म्हणून तिथे मी डायोडच लावला नव्हता, आणि पिन खाली गेली की कपॅसिटरचा सगळा चार्ज उलटा तिच्यातूनच निघून जायचा. तिथेही डायोड हवाच, म्हणजे आठ नाही, दहा. कुणी करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा.

पुढे लाल ॲक्रिलिक आहे, त्याच्या मागे बटर पेपर, आणि दोन दिव्यांमध्ये काळ्या कार्डपेपरचे पडदे. एलईडी बटर पेपरला चिकटवली तर नुसता ठिपका दिसतो, दोन सेंटीमीटर मागे घेतली की अख्खा चौकोन सारखा उजळतो.

काल रात्री खोलीतली ट्यूब बंद करून वेग लावला. १०० के चा पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) फिरवत फिरवत सेकंदाला आठ ठोक्यांवर आलो, म्हणजे जाऊन-येऊन सव्वा सेकंद. तिथेच पॉटवर मार्करने खूण केलीये, आता ब्रेडबोर्डवरून उचलून पीसीबीवर (कायमच्या सर्किट बोर्डावर) सोल्डर करायला घेतो.