यात समुद्र कुठंय?

"छान आहे. पण यात समुद्र कुठंय?"

जपानमधल्या उजी गावातल्या चहाच्या दुकानात तिथल्या आजींनी माझं मनगट हुंगून विचारलं. जपानी ग्रीन टीचा सुगंध म्हणून घेतलेला परफ्यूम मी मुद्दाम लावून गेले होते.

मग त्यांनी ग्योकुरो या जपानी ग्रीन टीचा डबा उघडून पुढे धरला. खरंच, आधी आला तो समुद्रशेवाळाचा वास. मालवणला ओहोटीच्या वेळी खडकांवर येतो ना, तसाच. कोवळं गवत त्याच्या मागून. तोडणीआधी सुमारे तीन आठवडे झुडपं झाकून सावलीत ठेवतात, त्यातून हा वास वाढतो. तोडलेली पानं लगेच वाफवतात, म्हणून हिरवेपणा टिकतो.

परफ्यूममधला चहा वेगळ्याच वाटेनं येतो. झाँ-क्लोद एलेना या परफ्यूमकारांनी १९९२ साली बुल्गारी या ब्रँडसाठी ग्रीन टीचा गाजलेला सुगंध घडवला, तो जाईची आठवण देणारं हेडिओन आणि व्हायोलेटच्या फुलांसारखं आयोनोन ही सुगंधी रसायनं एकत्र आणून. केवढी कल्पकता!

परतताना ट्रेनमध्ये मी सारखी मनगट हुंगत होते. लिंबू, जाई, धुतलेल्या सुती कपड्यासारखं काहीतरी. अजूनही आवडतं मला ते.

पण आजींचा प्रश्न काही जात नाहीये. समुद्राचा वास कुणाला 'मासळीचा' वाटेल, म्हणून तो आधीच वगळला असेल का?