रुतलेली ओपेल ब्लिट्झ

सध्या टेबलावर ओपेल ब्लिट्झचं १/३५ स्केलचं मॉडेल आहे, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं. तीन टनी जर्मन लष्करी ट्रक, गडद करडा, ऑक्टोबर १९४१ मध्ये मॉस्कोच्या वाटेवर रुतलेला. त्या वर्षी ६ ऑक्टोबरच्या रात्री तिथे पहिला बर्फ पडला, लगेच वितळला आणि कच्च्या रस्त्यांचा रेंदा झाला. रशियन लोक या दिवसांना रास्पुतित्सा म्हणतात. रणगाडे आपल्या पट्ट्यांवर कसेबसे पुढे सरकायचे, पण त्यांचं पेट्रोल आणि दारूगोळा आणणारे ट्रक मागेच अडकायचे. रणगाडे सगळेच करतात. मला हा ट्रक करायचा होता.

साध्या ब्लिट्झची फक्त मागची चाकं इंजिनावर फिरतात. माझ्या डायोरामातला (मॉडेलभोवती उभारलेल्या छोट्या देखाव्यातला) सगळा चिखल मी या एका गोष्टीवरून ठरवलाय. मागची चाकं जागच्या जागी गरगरली, म्हणजे तीच खोल गेली, मागची बाजू बसली, नाक किंचित वर आलं. त्या चाकांनी चिखल मागे आणि वर फेकला, म्हणून हौद्याचा तळ आणि मागचे मडगार्ड आतून पूर्ण भरलेले. पुढची चाकं नुसती ढकलली गेली, त्यांच्यासमोर चिखलाचा ढीग साचलेला. दारांवर फक्त शिंतोडे. टपावर काहीच नाही, नुसता पावसाचा ओघळ. फूटबोर्डवर मात्र भरपूर, कारण ड्रायव्हर पुन्हा पुन्हा उतरून बघत असणार. सगळीकडे सारखा चिखल थापलेली मॉडेल्स बघितली की मला खरंच वाईट वाटतं. एवढी सुंदर जोडणी, आणि गाडी कुठून आली, कशी अडकली, काहीच कळत नाही.

मागे दोन्ही बाजूंना जोडटायर आहेत. त्या दोन टायरमधल्या फटीत मी टूथपिकने लगदा दाबून भरला, मग ओल्या ब्रशने बाहेरच्या कडा पुसल्या. टायरची नक्षी बुजली, फक्त कडेला थोडी दिसते. एवढ्याशा जागेने गाडी एकदम जड वाटायला लागली.

लगदा घरचाच: प्लास्टर, पांढरा गोंद, पिगमेंट (रंगाची कोरडी पूड), अगदी बारीक कापलेलं गवत आणि चाळलेली माती. माती चाळताना कंटाळा करू नका. १/३५ मध्ये एक मिलिमीटरचा खडा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा दगड. जमिनीला आणि गाडीला एकाच वाटीतला लगदा लावायचा, नाहीतर गाडी दुसरीकडून उचलून आणून ठेवल्यासारखी दिसते. चाकोऱ्या साधारण नऊ मिलिमीटर खोल केल्यात, म्हणजे प्रत्यक्षात फूटभर. लगदा ओला असतानाच गाडी दाबून बसवली, त्यामुळे चाकाच्या दोन्ही बाजूंना चिखल आपोआप फुगून वर आला.

रंगाच्या बाबतीत माझा आग्रह एकच: चिखल एका वयाचा नसतो. वरचा, आधी उडालेला, सुकून फिकट आणि मॅट. मधला ओलसर, गडद. अगदी खालचा ताजा, चकचकीत. आधी ॲक्रिलिकचा करडा, त्यावर इनॅमलचे वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला रंग (इनॅमलचं थिनर सुकलेल्या ॲक्रिलिकला खात नाही), मग फिकट पिगमेंट, मग गडद शिंतोडे. ते ताठ ब्रशचे केस टूथपिकने मागे खेचून सोडले की उडतात. आधी कागदावर उडवून थेंबाचा आकार बघायचा. ग्लॉस वार्निश शेवटी, आणि फक्त जिथे पाणी अजून आहे तिथेच.

चाकोरीतलं पाणी रेझिनचं (ओतल्यावर कडक होणाऱ्या पारदर्शक द्रवाचं), तपकिरी रंगाचा अंश घालून, पातळ थरांत. पाया जरासा उतरता ठेवलाय, पण ओतताना तो त्याच उतारावर ठेवायचा. पाण्याची पातळी आडवीच हवी, म्हणून खालच्या टोकाला पाणी आणि वरच्या टोकाला नुसता ओला गाळ. बाजूला तीन मिलिमीटर जाडीच्या काटक्या पडल्यात. सैनिक चाकांखाली घालायला आणलेले ते ओंडके आहेत, खऱ्या मापात दहा-अकरा सेंटिमीटरचे.

जर्मनांनी पुढे याच ब्लिट्झच्या मागच्या चाकांऐवजी पट्टे बसवून माउल्टियर नावाचा अर्धपट्टा ट्रक काढला. त्याचं किट पुढच्या वेळी.