बायोप्सीत नुसतं 'कॅन्सर' वाचून थांबू नका

फुफ्फुसाचा कॅन्सर म्हटलं की आपल्या सांगलीकडं पहिला प्रश्न हाच, "बिडी ओढत होते का?" माझ्या मावशीनं जन्मात तंबाखूला हात लावला नाही, तासगावला द्राक्षबागेत राबली, आणि मिरजेत बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) केली तर ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, थोडक्यात ॲडिनो; खाली टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, पी४० निगेटिव्ह, ही पेशींतली प्रथिनं, प्रकार ओळखायला बघतात. ही ओळ लई महत्त्वाची बघा, कारण टीटीएफ-१ ॲडिनोकडं बोट दाखवतं, पी४० स्क्वॅमस या दुसऱ्या प्रकाराकडं, आणि पुढच्या जीन टेस्ट बऱ्याचशा त्यावरच ठरतात.

ॲडिनोमध्ये ईजीएफआर, एएलके, आरओएस१ असल्या जीन्समधले बदल सापडायची शक्यता जास्त, त्यातही ईजीएफआर धूम्रपान न करणाऱ्या बायकांत आणि आपल्या आशियाई लोकांत जास्त दिसतं, बहुतेकदा त्या जीनच्या एक्झॉन १९ या भागातला तुकडा गळालेला असतो नाहीतर एक्झॉन २१ मध्ये एल८५८आर नावाचा बदल, आणि ते निघालं की ओसिमर्टिनिबसारखी गोळी चालते. स्क्वॅमसमध्ये हे क्वचितच. स्मॉल सेल या आणखी एका प्रकारात टीपी५३ आणि आरबी१ हे जीन बिघडलेले, त्यावर थेट गोळी नाही. इम्युनोथेरपीसाठी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) पीडी-एल१ हे प्रथिन मात्र ॲडिनो, स्क्वॅमस दोन्हीत बघतात.

कळकळीनं सांगते, सुईनं काढलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, लॅबमध्ये तो ज्यात बसवतात त्या मेणाच्या ब्लॉकमधून काप काढता काढता संपून जातो, म्हणून जीन टेस्टपुरतं टिश्यू राखलंय का हे आधीच विचारा. नाही पुरलं तर रक्तातूनही ईजीएफआर तपासतात, पण ते निगेटिव्ह आलं म्हणून बदल नाहीच असं धरू नका, परत बायोप्सी करता येईल का ते डॉक्टरांना विचारा.