अमेरिकेचा इतिहास: मी मधूनच का सुरू केला आणि कोणती पुस्तकं वाचली

अमेरिकेचा इतिहास वाचताना मी १८४८ ते १८७७ हा काळ आधी घेतला. कोलंबस, तेरा वसाहती, वॉशिंग्टन हे सगळं नंतर. या तीसेक वर्षांत गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत यादवी युद्ध (१८६१-६५) झालं, तो देश फुटता फुटता राहिला आणि त्याच्या राज्यघटनेचा पायाच बदलला. नागरिक कोण, मत कोणाला, केंद्राची सत्ता कुठवर, या तिथल्या आजच्या भांडणांची मुळंही इथेच सापडतात. हा भाग पक्का झाला की मागे आणि पुढे, दोन्हीकडे जाता येतं.

पहिलं पुस्तक जेम्स मॅकफर्सन यांचं 'बॅटल क्राय ऑफ फ्रीडम' (१९८८). जवळपास नऊशे पानं आहेत, आणि युद्धाची पहिली तोफ उडेपर्यंत त्यातला सुमारे तिसरा हिस्सा संपतो. बरेच वाचक इथे गळतात किंवा पानं उलटून थेट लढायांवर जातात. पण पुस्तकाचा जीव या आधीच्या भागातच आहे. पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा १८५० चा कायदा, नव्या प्रदेशांत गुलामगिरी ठेवायची की नाही हे तिथल्या वसाहतवाल्यांवर सोडणारा कॅन्सस-नेब्रास्काचा १८५४ चा कायदा आणि काळ्यांचं नागरिकत्वच नाकारणारा सर्वोच्च न्यायालयाचा ड्रेड स्कॉट खटल्यातला १८५७ चा निकाल: हे तीन टप्पे मी एका कागदावर लिहून ठेवले आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न मांडला, गुलामगिरीला आता कुठे मोकळीक मिळाली? युद्ध का झालं याचं उत्तर त्या कागदावरच तयार होत जातं.

पक्षांच्या नावांनी गोंधळ उडतो. रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करत उभा राहिला. दक्षिणेतल्या मळेवाल्यांचं बळ डेमोक्रॅटिक पक्षात होतं. आजचे अर्थ डोक्यात ठेवून वाचलं तर सगळं उलटं लागतं. लढायांच्या प्रकरणांसाठी नकाशा शेजारी हवाच, आणि त्यात मिसिसिपी नदी ठळक दिसायला हवी. सगळं लक्ष पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गच्या लढाईवर जातं, पण ती संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ जुलै १८६३ ला, मिसिसिपीकाठचं दक्षिणेचं ठाणं व्हिक्सबर्ग पडलं आणि नदी उत्तरेच्या हाती येऊन दक्षिणेचे दोन तुकडे झाले.

इतिहासकाराच्या प्रत्येक पुस्तकाबरोबर त्या काळातलं एखादं मूळ लिखाण वाचायचं, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. 'युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं' हे वाक्य कुठे ना कुठे भेटतंच. त्यावर सगळ्यात आधी फुटलेल्या साउथ कॅरोलायना राज्याचं डिसेंबर १८६० चं फुटून निघण्याचं निवेदन वाचावं. येल विद्यापीठाच्या अ‍ॅव्हलॉन प्रकल्पात ते फुकट आहे आणि काही पानांचंच आहे. त्यातली एक मोठी तक्रार अशी, की उत्तरेतली राज्यं आपापले कायदे करून पळालेले गुलाम परत देत नाहीत. म्हणजे आक्षेप उत्तरेने आपला राज्याचा हक्क वापरण्यालाच! गुलामगिरीतून पळून सुटलेले फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ चं आत्मकथनही छोटं आहे आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मिळतं. त्यात ते कसे निसटले हे सांगितलेलं नाही. मदत करणारे आणि मागून पळू पाहणारे अडचणीत येऊ नयेत म्हणून. तो तपशील त्यांनी १८८१ च्या आत्मचरित्रात दिला.

युद्धानंतरची पुनर्रचना, म्हणजे दक्षिणेची नवी घडी बसवण्याचा आणि मुक्त झालेल्या काळ्यांना हक्क देण्याचा काळ, हा सगळ्यात कमी वाचला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. एरिक फोनर यांचा मूळ ग्रंथ (१९८८) जड आहे. त्यांनीच केलेली 'अ शॉर्ट हिस्टरी ऑफ रिकन्स्ट्रक्शन' ही संक्षिप्त आवृत्ती त्याच्या निम्म्याहून लहान आहे, तीच घ्यावी. या विषयावर पुस्तक निवडताना प्रकाशनाचं वर्ष आधी बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठातले विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी काळ्यांना मताधिकार देणं हीच चूक ठरवली, आणि ते मत काही दशकं पाठ्यपुस्तकांत टिकलं. डॉ. आंबेडकर कोलंबियात शिकत होते (१९१३-१६) तेव्हा डनिंग तिथेच प्राध्यापक होते. या मांडणीला काळे विचारवंत ड्यु बॉइस यांनी १९३५ मध्ये 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन'मधून भक्कम उत्तर दिलं. ते सोडलं, तर १९६० च्या आधीचं काही यात पहिलं म्हणून वाचू नये.

मराठी वाचकाने इथे 'गुलामगिरी' पुन्हा उघडावी. महात्मा फुल्यांनी ती १८७३ मध्ये अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केली, ती गुलामगिरी मोडण्याच्या त्यांच्या कार्याबद्दल. त्याआधी तीनच वर्षं, १८७० मध्ये, पंधराव्या दुरुस्तीने काळ्या पुरुषांच्या मताधिकाराला संरक्षण मिळालं होतं आणि हायरम रेव्हल्स हे पहिले काळे सदस्य म्हणून मिसिसिपीतून सिनेटवर गेले होते. पण १८७३ च्याच एप्रिलमध्ये लुइझियानात कोलफॅक्स इथे गोऱ्या टोळीने काळ्यांचं हत्याकांड केलं, आणि १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं. फोनर वाचल्यावर त्या अर्पणपत्रिकेमागची आशा आणि तिचा काळ, दोन्ही जास्त जवळून कळतात.

यानंतर मागे. अ‍ॅलन टेलर यांचं 'अमेरिकन कॉलनीज' (२००१) तेरा इंग्रजी वसाहतींपुरतं थांबत नाही. स्पॅनिश, फ्रेंच, कॅरिबियन, मूळ रहिवासी सगळे येतात. डॅनियल वॉकर हाउ यांचं 'व्हॉट हॅथ गॉड रॉट' १८१५-४८ चं. चेरोकी या मूळ रहिवासी जमातीला जमिनीवरून हुसकावल्याची आणि तारयंत्राची हकिकत त्यात एकत्र वाचायला मिळते.

पुढच्या काळासाठी इझाबेल विल्करसन यांचं 'द वॉर्म्थ ऑफ अदर सन्स' (२०१०) आधी घ्या. १९१५ ते १९७० दरम्यान सुमारे ६० लाख काळे लोक दक्षिण सोडून गेले. त्यांची ही कहाणी तीन माणसांच्या आयुष्यांतून उलगडते, म्हणून भराभर वाचून होते. महामंदी आणि दुसऱ्या महायुद्धासाठी डेव्हिड केनेडी यांचं 'फ्रीडम फ्रॉम फिअर'. वऱ्हाडातल्या कापसाचा अमेरिकन यादवीशी काय संबंध, हे स्वेन बेकर्ट यांच्या 'एम्पायर ऑफ कॉटन'मध्ये आहे.

एकाच खंडात सगळं हवं असेल तर जिल लेपोर यांचं 'दीज ट्रुथ्स' (२०१८). हॉवर्ड झिन यांचं 'अ पीपल्स हिस्टरी ऑफ द युनायटेड स्टेट्स' त्यानंतर. ते रूढ इतिहासाशी वाद घालतं, म्हणून तो रूढ इतिहास आधी माहीत असावा लागतो. मॅकफर्सन, हाउ आणि केनेडी यांची पुस्तकं ऑक्सफर्डच्या एकाच मालिकेतली आहेत, आणि त्यांच्या शेवटी कोणत्या प्रश्नावर कोणतं पुस्तक वाचावं याची चर्चा असते. पुढचं पुस्तक विकत घेण्याआधी ती पानं वाचा.