मेसन बेंचवरच राहिला

मंगळवार, १० सप्टेंबर २०२४
एडिसन, न्यू जर्सी

फँटसी फुटबॉलच्या हंगामाचा पहिलाच आठवडा जिंकला, तोही मुलाविरुद्ध, ओंकारविरुद्ध, आणि तरी मन थाऱ्यावर नाही. या खेळात एनएफएलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या, खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकजण आपला संघ बांधतो, आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर आपल्याला गुण मिळतात. कामाच्या मधे मधे मी दोन्ही संघांचे रकाने उघडून पाहतो आहे. माझ्या बाजूला रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या, एका जागेसमोर शून्य आहे. त्याच्या बाजूला फ्लेक्सच्या, म्हणजे धावणारा किंवा झेल घेणारा कुणीही चालतो अशा, जागी ब्रँडन आयुकचे दोन झेल आणि २८ यार्ड आहेत, आणि त्याखाली, बेंचवर, म्हणजे राखीव खेळाडूंत, जॉर्डन मेसनचे १४७ यार्ड आणि एक टचडाउन. बेंचवरचे गुण धरले जात नाहीत. आयुकच्या जागी मेसन असता, तर माझी नऊ गुणांची आघाडी पार धुऊन निघाली असती.

ड्राफ्टमध्ये, म्हणजे हंगामाआधी पाळीपाळीने खेळाडू निवडताना, पहिला क्रमांक माझ्या वाट्याला आला तेव्हा साऱ्या लीगने माझे अभिनंदन केले होते. सॅन फ्रान्सिस्कोचा रनिंग बॅक मॅकॅफ्री सोडून दुसरे नाव घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण गेल्या हंगामात धावून सर्वाधिक यार्ड त्याचेच होते, १,४५९, आणि टचडाउन २१. पोटरीच्या दुखण्यामुळे ऑगस्टमधला बराचसा सराव त्याने बुडवला होता हे मला ठाऊक होते. पण असा खेळाडू समोर असताना पोटरीच्या बातमीवरून त्याला सोडणे माझ्याने झाले नसते, आणि लीगमधल्या कुणाच्यानेही झाले नसते. दुसऱ्या फेरीत पाळ्या उलट क्रमाने लागतात, म्हणून बारा जणांच्या लीगमध्ये पहिला क्रमांक घेणाऱ्याची पुढची पाळी एकदम चोविसावी असते. मधली बावीस नावे डोळ्यांदेखत जातात. तरीही चोविसाव्या आणि पंचविसाव्या पाळीला मला जॉश ॲलन आणि माइक एव्हन्स मिळाले, आणि रविवारी ॲलनने चार आणि एव्हन्सने दोन टचडाउन केले. दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन करून घरी आलो तेव्हा मी चांगला पुढे होतो. ओंकार यंदा गणपतीला आला नाही. परीक्षा आहे म्हणाला. असो.

काल पावणेसातच्या सुमारास, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि जेट्स यांच्या सामन्याच्या दीड तास आधी, न खेळणाऱ्यांची यादी आली. ती मी उघडण्याआधीच ओंकारचा संदेश येऊन पडला होता: “बाबा, मॅकॅफ्री आज खेळत नाहीये. बघितलंस ना?”

माझ्या बेंचवरचे सगळे खेळाडू रविवारीच खेळून झालेले होते, त्यामुळे त्यांच्यापैकी कुणालाही आत घेता येत नव्हते. मॅकॅफ्रीच्या जागी सॅन फ्रान्सिस्कोकडून मेसन धावणार हे उघड होते, आणि मेसन ओंकारकडे होता. शेवटच्या फेरीत, बाकीचे किकर निवडत असताना, त्याने त्याला उचलले होते. २०२२ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे खरे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, मेसनला एकाही संघाने निवडले नव्हते, आणि कालच्या आधी तो एकाही सामन्यात सुरुवातीपासून खेळलेला नव्हता. ओंकारने मात्र तेवढ्यातूनही त्याला हेरून ठेवले होते. म्हणजे त्याला ठाऊक होते, वेळ होता, खेळाडू हातात होता, आणि आयुकला काढून मेसनला घालायला दोन टिचक्यांपलीकडे काही लागत नाही. त्याने ते केले नाही. पुढे जेट्सविरुद्धचा सामना ३२-१९ असा संपेपर्यंत मी मेसनला एकामागून एक धाव घेताना पाहत राहिलो.

त्याच्या बाजूने कारण देता येते. आयुकने गेल्या हंगामात १,३४२ यार्ड मिळवले होते, आणि भरवशाच्या खेळाडूला पहिल्याच आठवड्यात बसवू नये हे ओंकारनेच मला शिकवले आहे. पण उन्हाळाभर आयुकचे करारावरून अडले होते, सही झाली ती ऑगस्टच्या अगदी अखेरीस, आणि सराव म्हणावा असा त्याच्या वाट्याला आलाच नव्हता. हे मला कळते, मग ओंकारला न कळण्याचे काहीच कारण नाही.

मला दया नको होती. सकाळपासून मी याच एका वाक्यापाशी येऊन थांबतो आहे. बाबांचा पहिला खेळाडू आयत्या वेळी गेला, आता त्याच खेळाडूची जागा घेणाऱ्याच्या जोरावर बाबांना हरवायचे कसे, असे त्याच्या मनात आले असेल, तर ते प्रेमच आहे आणि त्याबद्दल मी तक्रार करू नये. पण हा खेळ मला त्याने शिकवला आहे. चौथीत असताना जेवणाच्या टेबलावर मटारचे दाणे मांडून चार प्रयत्नांत दहा यार्ड म्हणजे काय हे तो मला समजावत असे, आणि माझे चुकले की दाणे विस्कटून पुन्हा पहिल्यापासून मांडत असे. त्याहून लहान असताना कॅरममध्ये मी एकदा राणी मुद्दाम सोडली होती. त्याच्या ते लक्षात आले, आणि त्या संध्याकाळी तो माझ्याशी बोलला नाही. तेव्हा त्याला काय वाटले असेल ते आज मला नेमके कळते आहे.

त्याला सरळ विचारावे, तर तेही अवघड आहे. लीगमध्ये प्रत्येकाने आपला सर्वांत चांगला संघ उतरवावा असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे, कारण माझा एक फुकटचा विजय डिसेंबरमध्ये तिसऱ्याच कुणाचा तरी प्लेऑफ हिरावून घेऊ शकतो. मी विचारले आणि तो हो म्हणाला, तर मला लीग चालवणाऱ्या कमिशनरला सांगावे लागेल. नाही म्हणाला, तर माझा विश्वास बसेल की नाही हे मला सांगता येत नाही. हिची समजूत अशी आहे की मी एका ॲपपायी मुलावर संशय घेतो आहे. तिच्याशी याविषयी आणखी बोलण्यात अर्थ नाही.

दुपारी मी त्याच्याकडे रीतसर ट्रेड पाठवला: मेसनच्या बदल्यात माझा चौथ्या फेरीतला रिसीव्हर, म्हणजे झेल घेणारा खेळाडू. मॅकॅफ्री येत्या रविवारी मिनेसोटात खेळेल की नाही हे कुणालाच माहीत नाही, तेव्हा मला मेसन खरोखरच हवा आहे, आणि देऊ केलेली किंमत अगदी रास्त आहे. दहा मिनिटांत नकार आला, आणि नकाराबरोबर त्याचा स्वतःचा प्रस्ताव: मेसन देतो, जॉश ॲलन दे. खाली एक ओळ होती, “मेसन आता महाग झालाय, बाबा.”

ही मागणी अवाच्या सवा आहे. ॲलन मी देणार नाही, आणि मी देणार नाही हे त्यालाही पक्के ठाऊक आहे. ती वाचून मला किती बरे वाटले ते लिहून सांगणे कठीण आहे. काल त्याच्या मनात काय होते ते यातून कळत नाही, कदाचित कधीच कळणार नाही, आणि कालचा विजय तक्त्यात आहे तसाच राहील. पण आज तरी तो माझ्याशी पूर्वीसारखाच घासाघीस करतो आहे, आणि तेवढे मला पुरे आहे.

आता रनिंग बॅक शोधायला हवा. चार्जर्सचा जे. के. डॉबिन्स आमच्या लीगमध्ये कुणीच घेतलेला नाही. गेल्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याची टाचेमागची अकिलिस शीर तुटली होती, आणि परवा परतल्यावर त्याने दहा वेळा चेंडू घेऊन १३५ यार्ड आणि एक टचडाउन केला. ड्राफ्टमध्ये पहिला असल्यामुळे वेव्हरच्या, म्हणजे कुणीच न घेतलेले खेळाडू मागण्याच्या, रांगेत मी शेवटचा आहे, आणि पुढच्या अकरा जणांपैकी एकानेही त्याला मागितले नाही असे होणे कठीण दिसते. तरी झोपण्यापूर्वी त्याच्यासाठी अर्ज टाकून ठेवतो.