वाडीचा पूल ओलांडल्यावर: कुरुंदवाडचा एक दिवस

कोल्हापूरचा माणूस वर्षातून एकदा तरी नृसिंहवाडीला जातो, दत्ताचे दर्शन घेतो, बासुंदी आणि कवठाची बर्फी बांधून घेतो आणि आल्या वाटेने परततो. वाडीतून पुढे गेले की पंचगंगेवरचा पूल लागतो आणि पलीकडे कुरुंदवाड असते, परंतु तेथे काम असल्याखेरीज सहसा कोणी उतरत नाही. मीही जानेवारीत गेलो तो कामासाठीच. माझ्या मामांची शेती कुरुंदवाडच्या शिवारात आहे, त्यांच्या बोअरची पाणबुडी मोटर जळाली होती आणि ती भरून घेण्यासाठी, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळून घेण्यासाठी, गाडी घेऊन येण्याचा निरोप आला होता. दिवसभर त्या गावात काढल्यावर माझे असे मत झाले की कुरुंदवाड पाहायचे असेल तर असेच एखादे काम हाताशी असलेले बरे, कारण हे गाव पाहुण्यांसाठी सजलेले नाही; ते भोवतालच्या पंचवीस-तीस खेड्यांची कामे करण्यात गुंतलेले आहे.

कोल्हापूरहून अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर भरते. हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ आणि वाडी हा सरळ रस्ता, किंवा इचलकरंजीकडून आतला. एसटीने यायचे असल्यास कुरुंदवाडला स्वतःचे आगार आहे, त्यामुळे गाड्यांची अडचण पडत नाही. रेल्वेने येणाऱ्यांनी जयसिंगपूरला उतरून एसटी किंवा वडाप, म्हणजे सीटवर भाडे घेणारी खाजगी गाडी, धरावी. स्वतःचे वाहन असणाऱ्यांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो: साखर कारखान्यांचा हंगाम चालू असताना, म्हणजे साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च, या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर एकामागोमाग एक चाललेले असतात आणि अंधार पडल्यावर त्यांच्या मागच्या बाजूला दिवा किंवा परावर्तक असेलच याची खात्री नसते. शिरोळच्या अलीकडे अशाच एका ट्रॉलीमागे मी अर्धा तास रांगत होतो. रात्रीचा प्रवास टाळावा.

मोटर भरण्याचे दुकान बाजारपेठेच्या एका बोळात होते. दारात पंपांची खोकी, स्टार्टरच्या पेट्या आणि जळालेल्या तांब्याच्या तारांचा ढीग पडला होता. कारागिराने मोटर उघडली, आत एकवार नजर टाकली आणि मामांना विचारले, “मामा, रातच्या पाळीची लाईट हुती न्हवं?” शेतीपंपांना आलटून पालटून दिवसा व रात्री वीज मिळते, रात्री शेतकरी ऑटो स्विच लावून झोपतो, एखादा फेज, म्हणजे तीन तारांपैकी एकीतली वीज, जातो, मोटर घुमत राहते आणि सकाळी विहिरीवर जळका वास येतो. निदान एवढे सरळ होते. त्यानंतर त्याने जुनी तार कापून काढताना वेढे मोजले आणि तो आकडा खडूने भिंतीवर लिहून ठेवला. पाण्यात बुडून चालणाऱ्या या मोटरीत प्लास्टिकचे आवरण असलेली तार वापरतात आणि ती प्रत्येक खाचेतून हातानेच एकेक वेढा ओढून घ्यावी लागते. आवरणाला एक ओरखडा जरी पडला तरी पाणी आत शिरते आणि सगळी मेहनत वाया जाते, म्हणून तो माणूस खाचेच्या तोंडाशी बोट धरून, घाई न करता, तार सरकवत होता. हे काम संध्याकाळपर्यंत चालणार होते.

त्या दुकानाच्या भिंतीवर रंगाने ओढलेल्या दोन रेघा होत्या, एकीपुढे २०१९ आणि दुसरीपुढे २०२१. त्यांतली वरची रेघ माझ्या खांद्याच्याही वर होती. दुकानातली भारी तार आणि नवे पंप मात्र माळ्याजवळच्या फळ्यांवर होते, आणि खाली उतरवून ठेवायला जागा भरपूर असताना शिडी लावून माल काढण्याचा उपद्व्याप कशासाठी, असे मी विचारले. कारागीर मान वर न करता म्हणाला, “पाव्हणं, जागा आमची न्हाई, नदीची हाय.” पुढे ज्या ज्या दुकानांत गेलो तेथे मी आधी फळ्यांची उंची पाहू लागलो. खताची पोती दाखवणाऱ्या कृषी सेवा केंद्रातसुद्धा बियाण्यांची पाकिटे आणि वह्या वरच होत्या.

कारण भूगोलात आहे. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम वाडीला होतो आणि कुरुंदवाड त्या संगमाच्या कुशीत वसलेले आहे. पावसाळ्यात दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या की पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही, ते मागे तुंबते आणि शिवारात पसरते. वाडीच्या मंदिरात पाणी शिरून पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या स्नानासाठी भाविकांची झुंबड उडते. तेच पाणी आणखी वर चढले की पुलाच्या पलीकडचे लोक जनावरे सोडून नेण्याच्या तयारीला लागतात. नदीकाठचे पंप तर मृगाच्या आसपासच वर ओढून घेतले जातात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी रस्ते चालू आहेत का याची चौकशी केलीच पाहिजे. वाडीहून औरवाडला जाणारा जुना पूल फार लवकर पाण्याखाली जातो.

याच पाण्याने जमीन पोसली आणि याच पाण्याने ती बिघडवलीही, हे मामांच्या शेतावर गेल्यावर दिसले. रस्त्याच्या एका अंगाला डोक्यावर दोन हात वाढलेला ऊस, फडात टोळी उतरलेली, वाड्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधून गाडीत चढवणे चाललेले. आणि जेमतेम दोन बांध ओलांडले की मिठाची पातळ साय धरल्यासारखी पांढरी जमीन, तिच्यावर लव्हाळ्याशिवाय काही नाही. काळ्या भारी रानाला वर्षानुवर्षे पाटाने वारेमाप पाणी दिले, निचऱ्याला वाट ठेवली नाही, की जमिनीतले पाणी वर येते आणि सोबत क्षार आणते. शिरोळ तालुक्यात अशा क्षारपड रानांचे क्षेत्र मोठे आहे. त्यावर सच्छिद्र निचरा प्रणालीचा उपाय गावोगाव चालू आहे: जमिनीखाली छिद्रे असलेल्या नळ्या ठरावीक अंतरावर गाडायच्या, त्या एका मोठ्या नळीला जोडायच्या आणि खारे पाणी ओढ्यात काढून द्यायचे. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने या कामात पुढाकार घेतला आहे. एकट्याने करून भागत नाही, कारण माझ्या रानातले पाणी काढायला नळी शेजाऱ्याच्या बांधाखालून न्यावी लागते, आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे खरा खर्च नळीचा नसून शेजाऱ्याच्या मनधरणीचा आहे.

गावात पाहण्यासारखे नाही असे मात्र कोणी समजू नये. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे संस्थान. त्याच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पाती होत्या आणि १९४८ साली दोन्ही विलीन झाल्या. नदीवरचा दगडी घाट सकाळच्या उन्हात पाहावा. सरसेनापती संताजी घोरपडे यांची समाधी येथे घाटालगत दाखवतात. गणेशोत्सवात येणे जमले तर मशिदींत बसवलेले गणपती पाहावेत. काही वर्षी मोहरम आणि गणेशोत्सव एकाच वेळी आले तेव्हा पंजे आणि मूर्ती एकाच छताखाली होत्या. गावकऱ्यांना त्याचे कौतुक सांगत बसावे असे वाटत नाही, आपण विचारले तरच ते सांगतात. जवळच हेरवाड आहे, ज्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला.

दुपारी खानावळीत कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी आणि भाकरी मिळाली. ही वांगी हिवाळ्यात उत्तम असतात, बी कोवळे आणि साल पातळ. परतताना किलो-दोन किलो बाजारातून न्यावीत.

मोटर व्हायला अवकाश होता म्हणून तीन वाजता कोपेश्वराचे जुने मंदिर पाहायला खिद्रापूरला निघालो आणि तेथे माझीच चूक नडली. अकिवाटवरून सरळ रस्ता आहे, असे मामांनी बजावले होते. मी फोनमधल्या नकाशाचे ऐकले. त्याने मला उसातल्या गाडीवाटेने थेट कृष्णेच्या काठावर नेऊन उभे केले आणि पलीकडे जाण्यास सांगितले. पलीकडे कर्नाटक होते आणि मधे नदी होती. फडातून गाडी मागे घेण्यात पाऊण तास गेला. या भागात रस्ता माणसांना विचारावा, आणि एकाला नव्हे, दोघांना.

कोपेश्वराच्या मंदिरात पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल मोकळी जागा ठेवलेली आहे आणि तिच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा आहे. ४८ खांबांच्या या मंडपात ऊन वरून पडते तेव्हाच त्याचा आकार कळतो, म्हणून सकाळी दहा-अकरा ते दुपारी एकपर्यंत जावे. मला फक्त आकाशाचा तुकडा दिसला. मंदिरासमोर नंदी नाही, तो नदीपलीकडे यडूरला आहे. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोलातून पाहण्यासाठी मोठी गर्दी होते. शांतपणे कोरीव काम पाहायचे असणाऱ्यांनी तो दिवस सोडावा.

सहाच्या सुमारास दुकानात परतलो. मोटर पाण्याने भरलेल्या पिंपात उभी केली होती. कारागिराने तिन्ही तारांवर एकामागून एक चिमटा लावून अँपिअर मोजले, तिन्हींचा आकडा जवळपास सारखा आला, तेव्हा कोठे त्याने भिंतीवरचा सकाळचा खडूचा आकडा ओल्या फडक्याने पुसला. दोन्ही रेघांना त्याने फडके लागू दिले नाही. मोटर डिकीत ठेवून मामांच्या बोअरवर उतरवली आणि मी परतीला लागलो. वाडीत बासुंदी घ्यायला थांबलो खरा, पण तोवर अंधार पडला होता आणि शिरोळपर्यंत पुन्हा एका ट्रॉलीच्या मागे मुकाट्याने चालावे लागले.